नळीचा वळसा

वेलचेरी, चेन्नई
९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुला फोन केला तर ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर बोटं मारायचा तुला राग. म्हणून तुझ्या वर्कशॉपच्या संगणकावर हे पत्र पाठवते आहे. सोबत हाताने काढलेली आकृती आहे. आधी ती बघ, मग मला बोल.

आमची व्हॅन बसली आहे. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला. गेल्या वर्षी पुराचं पाणी गाडीत चढलं होतं, तेव्हापासून टर्बोखालची तेलाची नळी गंजत होती, ते कुणाला कळलंच नाही. दुरुस्त केलेला टर्बो पुदुपेटच्या बाजारात मिळाला. नळी मिळत नाही. गॅरेजवाले म्हणतात, पाऊस संपल्यावर या. इथला पाऊस डिसेंबरात संपतो आणि माझ्या सासूबाईंना, अम्मांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्या शेअर ऑटोत बसून जाऊ शकतील, पण येताना त्यांना आडवं व्हावंच लागतं. म्हणून साधी रबरी नळी कापून मीच बसवायचं ठरवलं आहे. गुरुमूर्ती म्हणाला, "तुझ्या आत्यानं तुला आपल्या लग्नात भांडी दिली नाहीत, पाने दिले. ते काढ आता."

अडचण जागेची आहे. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलली की डावीकडे एसीचा कंप्रेसर, उजवीकडे तापून लाल होणारा सायलेन्सरचा पाइप, मधे माझं मनगट जेमतेम जातं. टर्बोतून खाली पडणारं तेल इंजिनाच्या चेंबरमध्ये परत न्यायचं, एवढंच त्या नळीचं काम. सरळ खाली आणली तर ती सायलेन्सरला चिकटते, रबर भाजून निघेल. कंप्रेसरच्या मागून फिरवली तर जागा आहे, पण मग नळी आधी खाली जाते आणि चेंबरच्या तोंडाशी येताना पुन्हा थोडी वर चढते. तिसरा रस्ता म्हणजे एसीच काढून टाकायचा. मग सरळ उतार मिळतो. पण चेन्नईच्या उकाड्यात डायलिसिस झालेल्या बाईला एसीशिवाय आणायचं म्हणजे कठीण.

मला उतार द्यावासा वाटतो. का, ते नीट सांगता येत नाही. तू सांगशील तसं करते.

गुरुमूर्ती दिवाळीत तुझ्याकडून शिकलेल्या खुणा अजून विसरलेला नाही. चहाची खूण तर आता अम्माही करतात.

तुझी
सावनी


मिरज
१० नोव्हेंबर

सावनी,

आकृती पाहिली. हात अजून चांगला आहे. डोकं मात्र त्या कंपनीच्या खरेदी खात्यात बसून मऊ झालेलं दिसतं. "का, ते सांगता येत नाही" हे वाक्य माझ्या वर्कशॉपमध्ये वाढलेल्या मुलीने लिहावं?

कंप्रेसरच्या मागून फिरव. वळसा दे. आपल्याकडून गेलेल्या एका तरी गाडीत ताणलेली नळी तू पाहिलीस का? ताणलेली नळी म्हणजे तुटायला निघालेली नळी. इंजिन एकीकडे हलतं, बॉडी दुसरीकडे हलते, आणि मधली नळी दोघांचं भांडण अंगावर घेते. तिला पोट ठेवलं नाही तर ती फुटेल. फुटून लाल पाइपवर तेल सांडलं, तर त्या तेलाला काडी लावायची गरज पडत नाही. आंबा घाटातून फुटक्या नळ्या घेऊन आलेले ट्रक मी आयुष्यभर उघडले. वळसा दिलेली नळी फुटून आलेली मी पाहिलेली नाही.

मी ड्रायव्हरांच्या सभेत जे सांगते तेच तुला सांगते. ज्याच्या हातात चाक असतं त्याच्या पाठीशी माणसं बसलेली असतात. त्याला आशेवर गाडी चालवता येत नाही, त्याला खात्री लागते. आणि खात्री म्हणजे वाटणं नव्हे. ती हाताने कमवावी लागते. मी कमवली आहे. माझी घे.

एसीला हात लावू नकोस. आजारी बाईला भाजून काढायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, हे मला चालणार नाही.

कानाने बहिरी, बाकी शाबूत,
भवानी आत्या


वेलचेरी
२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नळी बसवली. तू सांगितलंस तशीच, वळसा देऊन.

सीट काढून पोटावर आडवी पडले. एक हात कंप्रेसरच्या मागून घातला, दुसरा खालून. शेवटची क्लिप दिसतच नव्हती. डोळे मिटून बोटांनी चाचपून आवळली, लहानपणी तू माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून नोझल खोलायला लावायचीस तशी. मनगट सोलून निघालं. गुरुमूर्ती वरून टॉर्च धरून तमिळमध्ये देवाचं नाव घेत होता. मी म्हटलं, देवाला नको सांगूस, टॉर्च सरळ धर.

गाडी चालते. ओढ चांगली आहे. नळी कुठेही गळत नाही.

एकच सांगायचं होतं. हॉस्पिटलबाहेर अम्मांची वाट बघताना आम्ही एसीसाठी इंजिन चालूच ठेवतो. असं बराच वेळ उभं राहिलं की मागून थोडा धूर येतो. काळा नाही, निळसर. गाडी चालायला लागली की जातो. परवा अम्मा व्हीलचेअरवरून बाहेर आल्या, धुराकडे बघितलं आणि त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "काय गं पोरी, गाडीला साम्ब्राणी घातलीस की काय? केस वाळवती का ती?" न्हाऊन आल्यावर इथे केसांना साम्ब्राणीचा धूर देतात ना, तसं. सगळे हसले. मीही हसले.

काळजीचं काही नसावं. तुला कळवून ठेवते इतकंच.

सावनी


मिरज
२१ नोव्हेंबर

सावनी,

नळी गळत नाही हे वाचून बरं वाटलं. गळणारच नव्हती.

धुराचं कारण तुझ्या नाकासमोर आहे. उभ्या गाडीत धूर आणि धावत्या गाडीत नाही, म्हणजे डिझेल फवारणारं नोझल मुततंय. अर्धं डिझेल न जळता बाहेर पडतं. पुराचं पाणी टाकीत गेलं असणार. चारही नोझल काढून कुरिअरने माझ्याकडे पाठव. मी स्वतः टेस्टिंग बेंचवर बसवून बघते. तोवर डिझेल गाळून भर.

टर्बोकडे बघायचं नाही. वळशाला हात लावायचा नाही. नव्या कामावर लगेच शंका घेणारा मिस्त्री मी आजवर ठेवलेला नाही. एका जागी खात्री झाली की तिथून पुढे सरकायचं. नाहीतर माणूस आयुष्यभर एकाच बोल्टभोवती फिरत राहतो.

तुझ्या सासूबाईंना सांग, खरी साम्ब्राणी स्वस्त पडली असती. या धुराला डिझेल लागतं.

भवानी आत्या


वेलचेरी
२८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नोझल पाठवता आली नाहीत. गाडी एक दिवसही उभी ठेवता येत नाही, आणि आता तर वादळ येतं आहे. टीव्हीवर उद्यापासून अतिवृष्टी सांगितली आहे. वेलचेरीतल्या लोकांनी दुपारपासूनच आपापल्या गाड्या पुलावर नेऊन लावायला सुरुवात केली. इथे दर वर्षी असंच करतात. खाली पाणी भरतं, पूल तेवढा कोरडा राहतो. खिडकीतून बघितलं तर सगळा पूल गाड्यांनी भरत चालला आहे. मला ते बघवत नाही.

हॉस्पिटलने फोन करून अम्मांना उद्या सकाळीच बोलावलं आहे, वादळाआधी डायलिसिस उरकून घ्यायला. चुकवता येणार नाही. मागच्या वेळी दोन दिवस उशीर झाला तेव्हा त्यांना श्वास घेता येईना. गुरुमूर्ती आणि मी, दोघंही जातो. गुरुमूर्ती म्हणतो, पाण्यातून जाताना इंजिन कुठेच बंद करायचं नाही. एकदा बंद पडलं तर पुन्हा सुरू होणार नाही.

धूर आहे तसाच आहे. थोडा वाढलाय असं गुरुमूर्तीला वाटतं. मला तसं वाटत नाही.

आत्या, एक विचारू? रागावू नकोस. दोन दिवस असं होतंय की किल्ली बंद केल्यावरही इंजिन थोडा वेळ फिरत राहतं. जरासंच. एकदोनदा घरघरतं आणि मग थांबतं. जुन्या गाडीत असं होतं ना?

सावनी


मिरज
२९ नोव्हेंबर, सकाळ

सावनी,

गाडी काढू नकोस.

तुझं पत्र तासाभरापूर्वी वाचलं. किल्ली बंद केल्यावर डिझेल बंद होतं. डिझेल बंद झाल्यावर जे इंजिन फिरतं, ते दुसरं काहीतरी पिऊन फिरत असतं. तुझं इंजिन स्वतःचं तेल पितं आहे.

तुझ्या नळीच्याच जाडीची नळी घेतली. तुझ्या आकृतीप्रमाणे बाकाला बांधली, तसाच वळसा दिला. वरून गरम तेल सोडलं, दाब न देता, नुसतं ओतून. तेल पोटात साठलं आणि तिथेच राहिलं. वरचं तेल वरच थांबलं. मी पुन्हा ओतून बघितलं. पुन्हा तेच.

मी आयुष्यभर डिझेल पंपाच्या नळ्या बांधल्या. त्यांत दाब असतो. दाब तेलाला वळशातून ढकलत नेतो. तुझ्या नळीला ढकलणारं कुणी नाही. तेल तिच्यातून फक्त पडतं, आणि पडायला उतार लागतो. तुला उतार द्यावासा वाटत होता. तू बरोबर होतीस. मी तुझी आकृती पाहिली आणि तिच्यात माझा पंप पाहिला.

टर्बोतून बाहेर पडता न आलेलं तेल हवेच्या रस्त्याने इंजिनात शिरतं आहे. आज थोडं शिरतंय. एक दिवस इतकं शिरेल की इंजिन पळत सुटेल. मग किल्ली काढली तरी ते थांबणार नाही, आणि ते तुमच्या सीटखाली आहे.

तसं झालंच तर: आधी अम्मांना बाहेर काढ. गुरुमूर्तीने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून मरेल. हवेच्या पाइपवर हात ठेवायचा नाही. तो हात ओढून घेतो.

पण तशी वेळ येऊ देऊ नकोस. हॉस्पिटलला ॲम्ब्युलन्स पाठवायला सांग. नाहीच आली तर अम्मांना खांद्यावर न्या. व्हॅन नको.

हे वाचलंस की "वाचलं" एवढं एकच लिही.

आत्या


मिरज
३० नोव्हेंबर

सावनी,

तुझं उत्तर नाही.

काल दिवसभर संगणकासमोरून उठले नाही. वर्कशॉपमधल्या पोरांना तुला फोन करायला लावला. फोन लागत नाही म्हणतात. गुरुमूर्तीचाही नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. नंबर फिरवतात, कानाला लावतात आणि मान हलवतात.

टीव्हीवर खाली सरकणारी पट्टी वाचते. वेलचेरीत वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद. चित्र दाखवतात त्यात तो पूल दिसतो. गाड्यांना गाड्या चिकटून उभ्या आहेत आणि वरून धो धो पाऊस. प्रत्येक पांढरी व्हॅन मला तुमचीच वाटते. एका गाडीतून धूर निघताना दिसला. मी पडद्याजवळ गेले तर चित्र बदललं.

तीसेक वर्षं सभांमधून ओरडून सांगत आले, की ज्याच्या पाठीशी माणसं बसली आहेत त्याने शंका घ्यायला शिकलं पाहिजे. मालकाच्या शब्दावर गाडी बाहेर काढू नये. घाटात मालक नसतो, तू असतोस. टाळ्या पडायच्या. आणि तू शंका घेतलीस तेव्हा मीच मालकासारखी बोलले.

मला आता काही नको. धूर नको, कारण नको, उत्तर नको. नुसतं तुझं नाव लिहून पाठव.

आत्या


वेलचेरी
३ डिसेंबर

प्रिय आत्या,

सावनी.

तुला नाव हवं होतं, म्हणून आधी नाव. आम्ही तिघंही आहोत. आज पहाटे नेटवर्क आलं आणि तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. जे लिहिलं होतंस ते सगळं तोवर होऊन गेलं होतं.

एकोणतीसला आम्ही भल्या सकाळीच निघालो. ॲम्ब्युलन्स मागितली होती. त्या सगळ्या आधीच बाहेर गेल्या होत्या. अम्मांचं डायलिसिस झालं. परत निघालो तेव्हा रस्त्यावर पाणी चढलं होतं. गुरुमूर्तीने इंजिन कुठेच बंद केलं नाही. कासवाच्या चालीने, थांबत थांबत आलो, आणि जितका वेळ थांबलो तितका मागे धूर. काचेतून मागचं काही दिसेना. अम्मा मागच्या सीटवर आडव्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "गुरू, वास बरा नाही." या वेळी साम्ब्राणी म्हणाल्या नाहीत, तेव्हाच मला कळलं.

पुलावर चढलो. वर एक मोकळी जागा होती, तिथे गाडी लावली. पुढे खाली पाणी होतं, घर समोर दिसत होतं. गुरुमूर्तीने किल्ली फिरवली.

इंजिन थोडं खाली आलं आणि मग वर चढायला लागलं. त्याने किल्ली ओढून बाहेर काढली. किल्ली त्याच्या हातात होती आणि त्याच्याखाली इंजिन ओरडत होतं. असा आवाज मी कधीही ऐकला नव्हता. चढतच चालला होता, त्याला वरचं टोकच नव्हतं. सीट थरथरत होती. सगळीकडे पांढरा-निळा धूर. मी मागचं दार उघडलं, अम्मांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढत पावसात नेलं. कुणीतरी त्यांना धरलं. मी परत वळले तर गुरुमूर्ती अजून आतच होता, ब्रेकवर पाय देऊन. गाडी सोडली आणि ती पुढे निघाली तर, एवढीच त्याची भीती. पुढे गाड्यांच्या आडोशाला माणसं उभी होती.

मी ओरडले, वरचा गिअर टाक. त्याला ऐकू गेलं नाही. मी काचेजवळ जाऊन ओरडले. त्याचे डोळे माझ्याकडे होते, पण कान इंजिनाने बंद केले होते. तो तुझ्यासारखा बहिरा झाला होता, आत्या.

मग मला तुझ्याकडे दुरुस्तीला आलेला तो ऊस वाहणारा ट्रक आठवला. मी शाळेत होते. तो असाच पळत सुटला होता. तू अंगणातून ड्रायव्हरला खूण केली होतीस. मी काचेसमोर उभी राहिले आणि तुझी खूण केली. चार बोटं वर, म्हणजे वरचा गिअर. मग मूठ तळहातावर आपटली, म्हणजे मारून टाक. दिवाळीत तू त्याला ती खूण शिकवलीस तेव्हा तो हसून म्हणाला होता, ही मला कधी लागायची?

त्याने गिअर टाकला. क्लच सोडला. गाडीने उडी मारली, पुढच्या गाडीला ठोकर दिली आणि मेली.

अम्मांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी गुडघाभर पाण्यातून घरी आणलं. गुरुमूर्तीच्या पायात गोळा आला होता, तो सुटेना.

दुसऱ्या दिवशी दोघं पुलावर गेलो. वर ताडपत्री बांधली, सीट उचलली. नळी सोडवली तर तिच्या पोटात तेल तसंच होतं, काळं, जड. मी एसीचा कंप्रेसर खोलून काढला. हात आत घालावा लागत होता आणि हात जात नव्हता. जागा अरुंद म्हणून नव्हे. इंजिन थंड होतं, मेलेलं होतं, तरी बोटं मागे यायची. गुरुमूर्तीने माझं मनगट धरून ते आत नेलं. नळी कापून आखूड केली, सरळ खाली आणली, वरपासून खालपर्यंत नुसता उतार. कंप्रेसर गेल्यामुळे ती सायलेन्सरपासून दूर राहिली. इंजिन हललं तर ताण येऊ नये म्हणून वरच्या तोंडाशी जरा सैल ठेवली आहे, पण कुठेही खाली वाकून वर चढत नाही. हवेच्या पाइपमधलं तेल पुसून काढलं. जुनं तेल बदललं.

घरी आल्यावर अम्मांना सांगितलं की एसी काढला. म्हणाल्या, "मग विंझणा दे मला. आणि वारायला तू बस."

आत्या, तू लिहिलंस की तू मालकासारखी बोललीस. बोललीस खरी. पण मी काय केलं तेही लिहू दे. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर इंजिनं शिकलेली माणसं बसतात. एकालाही विचारलं नाही. तुझा शब्द आल्यावर दुसऱ्याला विचारायचं, हे मला सुचलंच नाही. धूर दिसला तेव्हा मला माहीत होतं की तो डिझेलचा नाही. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरतात, हे मला तूच शिकवलं आहेस. या धुराने चुरचुरत नव्हते. तुझ्या पत्राला उत्तर देताना मी "नोझल नाही" असं लिहून खोडलं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मला त्या इंजिनापेक्षा तुझी भीती वाटली. अम्मांना त्या गाडीत झोपवून नेताना वाटली, त्यापेक्षाही जास्त. हे मी तुला पहिल्यांदा सांगते आहे.

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गाडी सुरू केली. बराच वेळ उभीच चालू ठेवली. मी मागे धुराकडे बघत उभी होते. धूर आला नाही. मग आत येऊन बसले. गुरुमूर्ती किल्लीला हात लावेना. मीही लावेना. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, चालू गाडीत, बंद करायला घाबरून. बाजूच्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, डिझेल फुकट मिळतं का?

शेवटी मी किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. लगेच, एकदम. ती शांतता तुला ऐकू आली नसती. पण सीटवर तळहात ठेवला असतास तर कळलं असतं. मी ठेवला होता. मग गुरुमूर्तीने त्यावर आपला ठेवला. आम्ही कितीतरी वेळ ते हात काढले नाहीत.

सावनी